डोस्कं कुठून दुखते?

आमच्या मालेगावच्या पत्त्यात वाशिम ठळक लिहावं लागतं, नाहीतर पार्सल नाशिककडे फिरून येतं. सोयाबीनच्या सोंगणीत माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बायांना मात्र काही विचारावं लागत नाही. कपाळाला करकचून बांधलेला रुमाल, बामाचा वास आणि ठरलेलं वाक्य : "डोस्कं लय ठणकून रायलं वं मॅडम."

मी फिजिओथेरपिस्ट. हात हेच माझं औषध, म्हणून बसल्याबरोबर मी डोकं दाबायला घेईन अशी बाईची अपेक्षा असते. मी आधी विचारते, "कुठून दुखते?" 'कुठे' नाही, 'कुठून'.

उत्तर तोंडाआधी हात देतात. एका भुवईवर बोट ठेवून "इथं घण पडते, उजेड सोसत नाई, ओकारी येते" म्हणणारीला बहुधा अर्धशिशी असते. ती चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत छळते आणि चाललं की वाढते. दोन्ही तळवे कानशिलांवर दाबून दाखवणारीचं दुखणं ताणाचं. पट्टा आवळल्यासारखं वाटतं, पण भाकरी थापणं सुटत नाही. तिसरीचा हात आधी मानेच्या खाचेत जातो, मग कवटीवरून सरकत डोळ्यापाशी येतो. माझं खरं काम तिच्यापाशी.

मानेतल्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची मोठी नस आपापल्या तक्रारी एकाच ठिकाणी आणून टाकतात. मेंदूचा देठ जिथं मानेत उतरतो, तिथं. मग सातबाऱ्यावर शेजाऱ्याचं नाव चढावं तसं होतं : दुखतं मानेत, नोंद होते डोळ्याच्या नावावर. सुश्रुतानं 11 शिरोरोग मोजलेत. त्यातल्या अनंतवाताचं वर्णन वाचताना मी चमकले होते. मानेच्या मागून निघून डोळा, भुवई, शंखप्रदेश धरणारी कळ! त्याच्या काळी नसांचा हा नकाशा नव्हता, पण पेशंटचा हात कुठून कुठं जातो ते त्यानं नीट पाहिलं असावं.

बाईला उताणं झोपवते. हनुवटी छातीकडे दाबून ठेवत डोकं एकेका बाजूला वळवते. निरोगी मान साधारण 44 अंश वळते. अडकलेली तिशीतच थांबते आणि बाई डोळे मिटते. मग मी उशाशी बसून दोन्ही हातांची बोटं कवटीच्या कडेखाली उभी करते. चार-पाच किलोचं डोकं बोटांच्या टोकांवर येतं. मी दाबत नाही. डोक्याचं वजनच दाबतं. सुरुवातीला तिथले बारके स्नायू खारकेसारखे लागतात. मिनिटभर काहीच होत नाही, बोटं भरून येतात, बाहेर कुणीतरी नंबर विचारतं. मग हळूहळू ती खारीक भिजते. मधेच बाई म्हणते, "हेच, हेच ते डोळ्यामागचं!" ओळखीचं दुखणं बोटाखाली आलं की वाट बरोबर आहे असं समजायचं.

हातानं मिळालेला आराम टिकवायला व्यायाम लागतो. उताणं पडून 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी किंचित आत घ्यायची, दहा मोजेपर्यंत धरायची, असं दहा वेळा. ऑस्ट्रेलियात ग्वेन जुल यांनी 200 रुग्णांवर केलेला अभ्यास 2002 साली आला. हाताचे उपचार आणि असा व्यायाम, दोन्हींचा गुण वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. आमच्या बाया हसतात. "दिवसभर निंदतो न आम्ही, आनखीन कायचा व्यायाम?" उकिडवं बसून, मान वर काढून तासन्‌तास निंदणं हेच तर मानेचं दुखणं, पण मजुरी सोडा असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणाऱ्यांना मात्र मी सरळ रागावते. मेंदूला रक्त नेणारी धमनी मानेच्या मणक्यांतून जाते. झटक्यानं ती फाटू शकते. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस मेडिकलातल्या गोळ्या खाणाऱ्यांचं दुखणं गोळ्यांनीच जागतं ठेवलेलं असतं. तिथंही माझी बोटं फुकट. त्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीत सोडाव्या लागतात, आणि सोडल्यावर काही दिवस डोकं आणखीच दुखतं. हे ऐकून निम्मे पेशंट परत येत नाहीत.

एका आजोबांच्या बाबतीत मीच चुकले. सत्तरी ओलांडलेली, दुखणं नवं, कानशिलाला टोपीही सोसत नव्हती. मान आखडलेली सापडली आणि मी त्याच आनंदात दोन दिवस मानेवर काम केलं. तिसऱ्या दिवशी सोबत आलेली सून सहज बोलली, "आजकाल भाकर दुधात चुरून खातात, चावल्या जात नाई म्हणे." मी हात काढून घेतला. कानशिलावरची शीर बोटानं चाचपली. दोरीसारखी जाड, हात लावू देईना. डोक्याच्या धमन्यांना सूज आली की चावताना जबडा थकतो, आणि उशीर झाला तर नजर कायमची जाते. त्याच दुपारी त्यांना अकोल्याला पाठवलं. तिथं रक्त तपासून लगेच स्टेरॉइड सुरू झालं. डोळे वाचले, ते सुनेमुळे.

तेव्हापासून पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला मान धरण्याआधी विचारते, "भाकर चावताना जबडा थकते का?" परवा एका आजीनं रुमाल सोडता सोडता माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाली, "पोरी, तू डोस्क्याची डॉक्टर हायेस का दाताची?"