सारखेपणाच्या पलीकडे

जोसेफ कॅम्पबेल यांनी न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात १९३४ ते १९७२ अशी ३८ वर्षं साहित्य आणि पुराणकथा शिकवल्या. सगळ्या वीरांची वाट मुळात एकच, हे त्यांचं म्हणणं मला अपुरं वाटतं. शतपथ ब्राह्मणात हात धुताना मनूच्या ओंजळीत इवलासा मासा येतो आणि आसरा मागतो. गिल्गमेशच्या महाकाव्यात पूर ओसरल्यावर होमाच्या वासाने देव माश्यांसारखे गोळा होतात. जलप्रलय दोन्हीकडे आहे, पण एका कथेत जपलेला जीव उपकार फेडतो, दुसरीत देवांनाच माणसाच्या नैवेद्याची ओढ! साम्य दाखवल्याशिवाय विद्यार्थी परक्या कथेकडे वळतील कसे, हा आक्षेप रास्त आहे. साम्य हा उंबरठा आहेच. पण वर्ष संपेपर्यंत वर्गाला उंबरठ्यावरच उभं ठेवणं मला पटत नाही.