कशाचंही नसलेलं चित्र

घर बांधणाऱ्या माणसाला सारा गाव सल्ले देतो. दार कुठल्या दिशेला हवं, विटा कुठल्या भट्टीच्या घ्याव्यात, खिडक्या किती ठेवाव्यात! पण वास्तुशांतीचं जेवण उरकून पाहुणे आपापल्या गावी गेले, की बैठकीतली समोरची भिंत आपल्याकडे टक लावून पाहू लागते, हे मात्र आधी कुणी सांगत नाही. शिरूर अनंतपाळचं आमचं जुनं माळवदाचं घर पाडून आम्ही स्लॅबचं बांधलं, आणि त्या भिंतीनं मला गाठलं. जुन्या घरात मुळी कोरी भिंतच नव्हती. कोनाडे, खुंट्या, दिव्याच्या काजळीचे डाग, मागल्या सालची कॅलेंडरं. भिंतीला रिकामं राहायला सवड नसे. ही नवी भिंत म्हणजे पहिल्या दिवशीचा वर्ग. गप्प बसलेला, आणि 'आता काय शिकवणार?' असं विचारणारा.

"सात घोड्यांचं चित्र आणा, सगळ्यांकडं असतंय," पत्नी म्हणाली. शेजाऱ्यांनी धबधबा सुचवला. पण मी पडलो मास्तर, वर कादंबऱ्या लिहिणारा. सगळ्यांकडे असतं तेच आपल्याही घरी असावं, हे माझ्या अहंकाराला मानवेना. चित्र मीच काढणार, असं मी जाहीर करून टाकलं.

खरं सांगायचं तर चित्रकलेशी माझी ओळख एका निसर्गचित्रापुरती. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठी झोपडी आणि एक नारळाचं झाड. आमच्या शिवारात असा डोंगर नाही आणि नारळही नाही. आहे ते काळं रान, बांधावरच्या बाभळी, तूर नि सोयाबीन. तरीही आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तेच चित्र काढत आलो, आणि माझ्या वर्गातली पोरं आजही तेच काढतात. मला त्यातही दहापैकी चारच गुण मिळत. तेव्हा ज्याला घोडा काढता येत नाही, त्यानं घोडा नसलेलंच चित्र काढावं, असा सोयीस्कर सिद्धान्त मी मांडला. अमूर्त चित्र! त्यात चुकलं असं म्हणायला कुणाला जागाच नाही.

या सिद्धान्ताला आधारही मोठा सापडला. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले वासुदेव गायतोंडे. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं १९७९ सालचं एक चित्र तेवीस कोटी सत्तर लाखांना गेलं, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीभर त्याची चर्चा झाली होती. वर्तमानपत्रातलं चित्र पाहून "यात आहे काय?" असं विचारणाऱ्यांत मीही होतोच. आता त्यांच्याविषयी वाचताना कळलं, की ते रोलरनं आणि रंगाच्या सुरीनं काम करीत. आपल्या चित्राला अमूर्त म्हणणंही त्यांना पसंत नव्हतं. आणि वर्षाकाठी त्यांची जेमतेम पाच-सहा चित्रं पुरी होत. यातलं मी रोलर तेवढं घेतलं. आमचा रंगारी आपला रोलर जिन्याखाली विसरून गेला होताच!

मे महिन्याची सुट्टी होती. माय थोरल्या बहिणीकडे गेलेली. सुताराकडून उरलेला प्लायवूडचा तुकडा आणला, लातूरहून रंगाच्या नळ्या आणल्या, आणि ओसरीवर बैठक मांडली. पहिला हात फार सुखाचा. पांढुरका रंग सरसर पसरला. पण दुसऱ्या फटकाऱ्यापाशी मी अडलो. तो कुठं मारायचा? आणि तिथंच का? गोल आला, की त्याचा सूर्य होई. दोन तिरप्या रेघा जवळ आल्या, की डोंगर उभे राहत. डोंगर खरवडावा तर खालून नदी निघे, नदी पुसावी तर झोपडी. दहापैकी चार गुणांचं ते निसर्गचित्र तीन दिवस माझ्या मानगुटीवर बसलं होतं. काहीही काढायची मोकळीक मिळाली, की हात पाठ केलेलंच काढतो, हे मला त्या ओसरीवर कळलं. आणि कादंबऱ्या लिहिताना आपलं काय होत असेल, या विचारानं जरा कसनुसंही झालं.

चौथ्या दिवशी मी वैतागून लांबी भरायची पट्टी घेतली आणि सगळं खरवडलं. खालचे थर वर आले. त्यावर पाण्यात कालवलेला मातकट रंग वरच्या कडेनं सोडून दिला. तो आपल्या वाटेनं ओघळत गेला, मध्येच थबकला, कडांना गडद झाला. मी हात मागे घेतला. माझ्या कादंबऱ्यांना शेवटचं एक प्रकरण नेहमी जास्तीचं असतं, असं एका समीक्षकानं लिहिलं होतं. त्या दिवशी मात्र मला थांबता आलं.

चित्र भिंतीवर गेलं. "रंग बरे आहेत," पत्नी म्हणाली. शेजाऱ्यांनी मान वाकडी करून पाहिलं, अर्थ विचारला. मी "अमूर्त आहे" असं म्हणून प्रतिष्ठा सांभाळली.

मृगाचा पाऊस लागला आणि माय परत आली. संध्याकाळची वेळ, वीज गेलेली, बाहेर सरी. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. बैठकीत येऊन तिनं भिंतीकडे पाहिलं, मग वर स्लॅबकडे पाहिलं. काही न बोलता आत गेली, एक पातेलं आणलं आणि बरोबर चित्राखाली ठेवलं.

"नवा स्लॅबबी गळायलाय का रं?" तिनं विचारलं.

मुलं हसली. मला हसता आलं नाही. तिनं म्हटल्यावर मला दिसलं, ते मी आधी पाहिलंच नव्हतं. ती जुन्या घराची उत्तरेकडची भिंत होती.

माळवदाला दरसाल मृगाआधी पांढरी माती टाकावी लागते, नाही तर ते गळतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीकडची दगडमातीची जड घरं माणसांवर कोसळली. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या कित्येकांनी माळवदं उतरवून पत्रे घातले. वडिलांनी मात्र घातले नाहीत. उन्हाळा संपत आला, की मातीची टोपली डोक्यावर घेऊन ते शिडी चढत. ज्या वर्षी त्यांना चढवेना, त्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं. मी कादंबरी पुरी करीत होतो. आज टाकू, उद्या टाकू म्हणता म्हणता पाऊस आला. वडिलांची खाट त्याच भिंतीला लागून होती. ओल उतरत खाली येई, नि ते पडल्या पडल्या तिच्याकडे बघत असत. मला एका शब्दानंही बोलले नाहीत. "भिंतीवर उंट उमटला बघ," असं एकदा नातवाला म्हणाले, तेवढंच. त्या हिवाळ्यात ते गेले. पुढं ती भिंत फुगली आणि घर पाडावं लागलं.

डागाळलेल्या भिंतींकडे पाहत जा, त्यांत डोंगर, नद्या, लढाया दिसतील, असं लिओनार्दो दा व्हिन्ची यानं चित्रकारांना सुचवून ठेवलं आहे. माझ्या बाबतीत उलटं घडलं. डोंगर, नदी सगळं खरवडून काढलं, तेव्हा खाली भिंतच निघाली. जे मी एकाही कादंबरीत लिहिलं नव्हतं, ते कशाचंही नसलेल्या चित्रात आपण होऊन उतरलं होतं.

मी मायला सांगितलं, की ते चित्र आहे, मीच काढलंय. तिनं जवळ जाऊन बोट फिरवलं. कोरडं लागलं. बराच वेळ ती तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापाच्या उशाला अशीच होती."

आता मातीचा विषय काढेल, असं वाटून मी वाट पाहिली. तिनं काढला नाही. पातेलं उचललं आणि चूल पेटवायच्या वेळ झाल्यासारखी आत निघून गेली.

चित्र अजून तिथंच आहे. पाहुणे अर्थ विचारतात, मी पूर्वीचंच उत्तर देतो. यंदाही मृगाआधी मी गच्चीवर जाऊन आलो. स्लॅबला माती लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पाण्याच्या वाटा झाडून काढल्या, पालापाचोळा भरला नि टोपली डोक्यावर घेऊन खाली उतरलो.