एकशे ऐंशी दिवस, सहा तास

लॉग कुलूपबंद ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की व्हेंडरकडून एक पान येतं. आठ कोअर, बत्तीस जीबी रॅम, दोन टीबी डिस्क, अमुक आवृत्तीचं लिनक्स. खरेदी विभागाला तेवढं पुरतं. पुढे ज्याला तो सर्व्हर सांभाळायचा आहे तो अ‍ॅडमिन मात्र ते पान बाजूला ठेवतो आणि फायरवॉलचे आकडे काढून बसतो. एरवी सेकंदाला किती नोंदी येतात, पगाराच्या तारखेला किती, आणि बाहेरून कुणी पोर्ट स्कॅन करायला लागलं तर किती? व्हेंडरच्या पानावर सरासरी दिवस असतो. लॉग उघडायची वेळ येते ती वाईट दिवशी, आणि मशीनची मापं त्या दिवसाची घ्यायला हवीत.

भारतात या वाईट दिवसाला दोन आकडे मिळाले आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सगळ्या यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांपर्यंत जपायचे, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. बहुतेक ठिकाणी पहिला आकडा वाचून डिस्क घेतली जाते. दुसऱ्या आकड्याचाही हार्डवेअरशी संबंध आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

डिस्कचा हिशेब वहीच्या पाठकोऱ्या पानावर होतो. सेकंदाला १००० नोंदी, प्रत्येक नोंद ५०० बाइटची धरली तर दिवसाला ४३.२ जीबी. १८० दिवसांचे झाले सुमारे ७.८ टीबी. एक डिस्क गेली तर दुसरी प्रत हवी, म्हणजे साडेपंधरा. शिवाय डिस्क भरत आली की इलास्टिकसर्चसारखं सॉफ्टवेअर तिच्यावर नवा डेटा ठेवायचं टाळू लागतं आणि शेवटची पातळी ओलांडली की लिहिणंच बंद करतं. म्हणून पंधरा टक्के जागा मोकळी सोडायची. आकडा अठरा टीबीच्या पुढे जातो. व्हेंडरच्या पानावरचे दोन टीबी कुठल्या कुठे राहिले! लॉगचा मजकूर दाबला की खूप लहान होतो हे खरं, पण त्याला क्रम पाळावा लागतो: आधी कॉम्प्रेशन, मग एन्क्रिप्शन. एन्क्रिप्ट झालेल्या डेटात पुनरावृत्ती उरत नाही, त्यामुळे तो नंतर दाबला जात नाही. हा क्रम उलटा लागला की डिस्कचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो, आणि तो का वाढला हे महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत कोअर किती हा दुय्यम प्रश्न. एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत २००१मध्ये अमेरिकेचं अधिकृत मानक झाली, आणि इंटेलने २०१०च्या सुमारास तिच्यासाठी खास सूचना थेट चिपमध्येच घातल्या. त्या असतील तर एन्क्रिप्शनचा भार जवळजवळ जाणवत नाही. नसतील तर प्रोसेसर त्यातच घामाघूम होतो. लिनक्सवर सीपीयू-इन्फो नावाची फाइल उघडली की ‘फ्लॅग्ज’ या ओळीत शे-सव्वाशे आखूड शब्दांची गर्दी दिसते, आणि त्या गर्दीत एईएस ही तीन अक्षरं शोधायची असतात. खऱ्या मशीनवर ती बहुधा सापडतात. व्हीएममध्ये, म्हणजे आभासी मशीनमध्ये, मात्र गफलत होते. व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्समध्ये पूर्वी नवी व्हीएम ‘केव्हीएम६४’ या साध्या प्रोसेसरचं रूप घेऊन उठायची, आणि खालची चिप कितीही नवी असली तरी वरच्या लिनक्सला त्या सूचना दिसायच्याच नाहीत. आठव्या आवृत्तीपासून मूळ पर्यायाच्या नावातच एईएस आहे. शाखेत लॉग गोळा करायला छोटं मशीन ठेवणाऱ्यांनीही हे पाहावं: रास्पबेरी पाय ४मध्ये ही सोय नाही, ५मध्ये आहे.

रॅमचं गणित त्यामानाने सरळ. इलास्टिकसर्च जावावर चालतं. जावाला एकूण रॅमच्या निम्म्याहून जास्त द्यायची नाही आणि बत्तीस जीबीच्या आतच ठेवायची. बाकीची ऑपरेटिंग सिस्टीमला डिस्कवरचा डेटा हाताशी ठेवायला लागते.

लॉग सर्व्हरपर्यंत पोचतात कसे, हे त्या पानावर सहसा नसतं. सिसलॉग ही पद्धत १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेलसाठी लिहिली. नोंद यूडीपीवरून उघडी पाठवायची आणि पोचली का ते विचारायचं नाही, अशी तिची जुनी रीत. टीएलएसमधून, म्हणजे कुलूपबंद वाटेने, ती पाठवण्याचं मानक २००९मध्ये आलं. पोर्ट ५१४चं ६५१४ झालं. पण वाट बंद झाली तर? चार तास लाइन गेली तर आपल्याच हिशेबाने ७.२ जीबी नोंदी पाठवणाऱ्या मशीनवर साचतात. तेवढी जागा तिथेही लागते, आणि साचलेल्या या फाइल साध्या मजकुरात पडून असतात. लिनक्सवर सिसलॉग पाठवणाऱ्या आरसिसलॉगला त्या एन्क्रिप्ट करता येतात, पण ते वेगळं सांगावं लागतं. सर्व्हरला पोलादी दार लावून नोंदी व्हरांड्यात ठेवण्याचा हा प्रकार फार ठिकाणी चालतो, आणि तो थांबायला हवा.

घड्याळ ही तितकीच खरी गरज. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की बराच काळ बंद असलेलं मशीन चालू होताना भलत्याच वर्षात जागं होतं. समोरचं सर्टिफिकेट त्याला ‘अजून लागू झालेलं नाही’ असं वाटतं, ते जोडणी नाकारतं आणि लॉग गुपचूप थांबतात. सर्ट-इनच्या निर्देशांत एनआयसी किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या सर्व्हरशी वेळ जुळवायला सांगितलं आहे. एनआयसीच्या त्या सर्व्हरांची नावंच ‘समय१’ आणि ‘समय२’ अशी आहेत. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा एटीएमचे व्यवहार बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत न पोचता एका बनावट स्विचने मंजूर केले होते. अशी चोरी उलगडते ती दोन यंत्रणांच्या नोंदी शेजारी ठेवून, आणि घड्याळं जुळत नसतील तर शेजारी ठेवायचं काय?

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा विषय किल्लीचा. लिनक्सची डिस्क लक्सने एन्क्रिप्ट केली की डिस्कच्या सुरुवातीला एक हेडर बसतं. नव्या आवृत्तीत ते साधारण १६ एमबीचं असतं, आणि डेटाची खरी किल्ली त्यात कुलूपबंद असते. ते खराब झालं तर पासवर्ड तोंडपाठ असूनही अठरा टीबीतला एक बाइट वाचता येत नाही. त्याचा बॅकअप दुसऱ्या जागी, तिजोरीत, हे पानावर पहिल्या ओळीत हवं. दुसरा प्रश्न रात्री दोनचा. वीज जाऊन सर्व्हर पुन्हा चालू झाला, तर पासवर्ड टाकणार कोण? टँग नावाची सोय इथे कामाला येते. ऑफिसच्या नेटवर्कवर टँगचा सर्व्हर असेल तोवर डिस्क आपोआप उघडते, आणि कुणी ती काढून घरी नेली तर उघडत नाही. पण मग टँगचे दोन सर्व्हर हवेत, तेही वेगवेगळ्या मशीनवर. लॉग सर्व्हरच्याच पोटात एखादी व्हीएम करून टँग तिथे बसवला, तर वीज आल्यावर दोघं एकमेकांची वाट पाहत बसतात.

आणि एवढं करूनही चालत्या मशीनमध्ये शिरलेल्याला डिस्कचं कुलूप अडवत नाही, त्याच्यासाठी ती उघडीच असते. मे २०१८मध्ये ट्विटरने वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण हॅश होण्याआधीचे पासवर्ड आतल्या एका लॉगमध्ये उघडे लिहिले गेले होते. त्याच आठवड्यात गिटहबलाही तसंच कळवावं लागलं होतं. असे संवेदनशील रकाने वेगळ्या किल्लीने झाकता येतात, पण झाकलेल्या रकान्यात शोध लागत नाही. खाते क्रमांकावरून शोधायचं तर त्याचा किल्लीसह काढलेला हॅश शेजारी ठेवावा लागतो, आणि जागेच्या हिशेबात तोही धरावा लागतो.

कुणी नोंद बदलली तर कळावं म्हणून सिस्टमडीच्या जर्नलमध्ये २०१२पासून वेगळी सोय आहे. दर पंधरा मिनिटांनी शिक्का मारणारी किल्ली बदलते आणि जुनी पुसली जाते. पडताळणीची किल्ली त्या मशीनवर ठेवायचीच नसते. सोय बसवताना काळ्या टर्मिनलवर चौकटी-चौकटींचा क्यूआर कोड उमटतो, अ‍ॅडमिन मोबाइल पुढे धरून तो टिपतो आणि पडदा पुसून टाकतो.

सही करण्याआधी एक तालीम व्हायला हवी. सगळे १८० दिवस उघडून त्यात एक आयपी पत्ता शोधायचा, तोही इंडेक्स मोडला आहे असं धरून. फिरणारी एक डिस्क सेकंदाला १५० एमबी वाचते असं धरलं तर ७.८ टीबी नुसते वाचायला चौदा तासांहून जास्त लागतात. सहा तासांत पूर्ण तपास कुणी मागत नाही, पण चोर कुठून शिरला हे सांगता यायला हवं. म्हणून डेटा किमान चार डिस्कवर वाटायचा, म्हणजे वाचन पावणेचार तासांच्या आत येतं, आणि अलीकडचे तीस दिवस एसएसडीवर ठेवायचे. व्हेंडरच्या पानावर डिस्कच्या रकान्यात एवढी दुरुस्ती करून घेतल्यावरच ते खरेदी विभागाकडे परत पाठवायचं.