सावली जमा, ऊन नावे

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. वास्तुकलेशी माझा संबंध गृहकर्जाच्या अर्जापुरता. पण मेव्हण्याने दुबईला बोलावले आणि ते शहर पायी बघण्याची दुर्बुद्धी मला सुचली. तीही मे महिन्यात!

"भावजी, इथे दुपारचं कुणी चालत नाही हो."

"वीस वर्षं विरार लोकलमध्ये उभा राहिलेला माणूस मी. ऊन माझं काय करणार?"

काय करणार, ते दहा मिनिटांत कळले. बुर्ज खलिफा 828 मीटर उंच. पण ऐन दुपारी त्याची सावली एका कारकुनालाही पुरेना! मान वर करून मजले मोजायला गेलो, तर टोपी पडली आणि ती उचलताना हात भाजला. शेवटी एका वातानुकूलित बसथांब्यात शिरलो आणि ओळीने तीन बसेस सोडल्या. चौथीही सोडली असती, पण लोक संशयाने बघू लागले.

दुसऱ्या दिवशी खाडीकाठच्या अल फहिदी या जुन्या वस्तीत गेलो. तिथे गल्ल्या इतक्या अरुंद, की एका घराची सावली समोरच्या घराच्या कामी येते. घरांवर चौकोनी मनोरे. वरून जाणारा वारा पकडायचा आणि खाली खोलीत सोडायचा, एवढेच त्यांचे काम. विजेचे बिल शून्य! 1980च्या दशकात यातली बरीच घरे पाडली गेली. उरलेली आता जपून ठेवली आहेत आणि लोक ती मुद्दाम बघायला येतात.

मी मात्र तिथे अस्वस्थ झालो. कारण वसईला, वाडीतले आमचे कौलारू घर पाडून टॉवर बांधण्याचा करारनामा माझ्या सहीसाठी थांबला होता.

परतल्यावर बिल्डर आला. मी नकाशा उलगडला.

"यात ओटी कुठाय?"

"ओटी कशाला, साहेब? प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट दिलाय!"

वीज सकाळपासून गेली होती. अण्णा ओटीवर गाढ झोपले होते. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. विहिरीकडून, केळींतून वारा येत होता.

मी पेनाला टोपण लावले. बिल्डर निघेल असे वाटले. पण त्याने बाहेर उन्हात तापलेल्या आपल्या गाडीकडे पाहिले, चपला काढल्या आणि खांबाला पाठ टेकली.

"साहेब, पाच मिनिटं पडू का इथेच?"