मुदत संपलेला पूल

‘विलायतेतल्या कंपनीचं पत्र आलंय, पुलाची मुदत संपली!’ कोल्हापूरच्या शिवाजी पुलाबद्दल हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. सांगणाऱ्यानं ते पत्र स्वतः पाहिलेलं नसायचं. पाहणारा कुणीतरी त्याच्या ओळखीचा असायचा. पुढं नोकरीनिमित्त राज्यभर हिंडलो, तेव्हा जुना पूल असलेल्या गावोगावी हेच पत्र भेटलं.

आज्जीची गोष्ट त्याहून जुन्या वळणाची. पायात पोर पुरल्याशिवाय पूल धरत नाही, असं ती सांगायची. पुलावर आलो की मी तिचा पदर घट्ट धरायचो. ती भीती घालवली एका म्हाताऱ्या गवंड्यानं. कमानीतला दगड शेजारच्या दगडाला रेटून उभा असतो, वरून भार आला की सगळे आणखी आवळतात, हे त्यानं नदीकाठच्या चार धोंड्यांवर दाखवलं. त्या दिवसापासून पुलाखाली गेलो की मी आधी वर, कमानीकडं बघतो.

1878 साली बांधून झालेल्या या पुलानं पंचगंगेचे किती पूर अंगावर घेतले! राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका. 2019 मध्ये ते 55 फुटांच्या वर गेलं. पूल जागचा हलला नाही.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि आमच्याकडं पुन्हा पत्राची चर्चा सुरू झाली. जानेवारी 2018 मध्ये इथं कठडा तोडून मिनीबस नदीत कोसळली, 13 जण गेले. शेजारचा पर्यायी पूल तेव्हा अर्धवट उभा होता. संरक्षित ब्रह्मपुरी टेकडी जवळ असल्यानं परवानगीत वर्षं गेली होती. लोकांनी राग काढला तो जुन्या पुलावर. मला तो अन्याय वाटतो. कमानी शाबूत होत्या.

आता शेजारी नवा पूल झालाय. दगडी पुलाला पत्रानं मरण येत नाही. सांध्यात रुजलेल्या पिंपळानं येतं. बोटभर रोप आज दिसतं, त्याची मुळं चुना फोडत आत शिरतात. कोल्हापूरकरांनो, दर पावसाळ्यानंतर ती रोपं मुळासकट काढून घ्यायला लावा.