डिसोजा, डिसूजा आणि दे सौझा

आमच्या धर्मग्रामातील बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे काढून ती संगणकात साठवण्याचे काम काही मंडळींनी अंगावर घेतले, तेव्हा त्यांत आम्हीही होतो. वह्या रोमन लिपीतल्या. छायाचित्रांना नावे मात्र मराठीत द्यावीत, हा हट्ट आमचा. आपले आडनाव आपल्या लिपीत सापडावे, एवढाच हेतू. नावे टंकित करणारी मुले तीन आणि तिघांचे कान निराळे. एकाच आडनावाचे डिसोजा, डिसोझा, डिसूजा असे अवतार झाले.

पुढे डोंबिवलीचे एक वृद्ध गृहस्थ वडिलांची १९३१ सालची नोंद मागावयास आले. आजी वडिलांच्या बाळंतपणातच वारली होती; घरात तिचे नावदेखील कोणास ठाऊक नव्हते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाच्या आईचे नाव असते, या आशेवर ते आले होते.

फाइलीच्या नावाचे नेमके रूप ठाऊक नसेल, तर संगणकाला साचा द्यावा लागतो. साच्यातील तारका म्हणजे कितीही अक्षरे, एकही नसले तरी चालते. प्रश्नचिन्ह म्हणजे बरोबर एक. चौकटी कंस म्हणजे आत लिहिलेल्यांपैकी कोणतेही एक. ही सोय जुनी आहे. १९७१ साली युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत त्यासाठी ‘ग्लॉब’ नावाचा स्वतंत्र प्रोग्राम होता. ‘ग्लोबल’चे ते लघुरूप.

आम्ही ‘डिस*’ असा साचा दिला. डिसोजांबरोबर सगळे डिसिल्व्हाही हजर! मग साचा आवळून ‘डिस?[जझ]*’ असा केला. डिसिल्व्हा मुकाट्याने बाहेर गेले. परंतु १९३१ चे ते पान काही आले नाही. “नोंद नाही, काका,” असे सांगून आम्ही मोकळे झालो. ते काही न बोलता जिना उतरून गेले.

प्रश्नचिन्हाची एक गंमत येथे सांगितली पाहिजे. गावांवरून केलेले फोल्डर शोधताना आम्ही ठाण्यासाठी दोन प्रश्नचिन्हे दिली होती. ठाणे म्हणजे दोन अक्षरे, हे बालवर्गातले मूलही सांगेल. संगणकाला काहीच सापडेना. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, इतकेच काय, जोडाक्षरातले हलन्त चिन्हही स्वतंत्र मोजले जाते. म्हणून ठाणे चार, कल्याण सहा आणि डोंबिवली आठ! तिन्ही गावे हिशेबाने दुप्पट झाली, हा निव्वळ योगायोग. आमच्या साच्यातले प्रश्नचिन्ह ‘सो’वर नव्हे, तर त्याच्या एकट्या ओकारावर बसले होते, हे तेव्हा उमगले.

आगमनकाळात १९३१ ची पाने आम्ही एकेक करून डोळ्यांनी चाळली. ते पान होते. तिसऱ्या मुलाने मूळ अक्षरांशी इमान राखून ‘दे सौझा’ असे नाव दिले होते. आमचा साचा ‘ड’पासून सुरू होणारा, ‘द’ला त्यात दारच नव्हते. साच्यात बसणारे असे काही नाही, एवढेच संगणकाने सांगितले होते; नोंदच नाही, हे आम्ही पदरचे घातले. ‘*स?[जझ]*’ एवढे सैल लिहिले असते, तर चारही रूपे एका जाळ्यात आली असती. चार परकी नावेही आली असती; ती हाताने वेचून काढण्याचा कंटाळा आम्ही केला होता.

पानाची छापील प्रत घेऊन आम्ही धीम्या लोकलने डोंबिवलीस गेलो. काकांनी चष्मा पुसला. आडनावाकडे त्यांचे लक्षही गेले नाही. बोट सरकत आईच्या नावाच्या रकान्यावर थांबले. ते नाव त्यांनी दोनदा वाचले आणि आत हाक मारून सूनबाईंना बोलावले.