दोन थेंबांचा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात. विज्ञानाशी असलेला माझा संबंध दहावीच्या पुस्तकाबरोबरच संपला, अशी माझी समजूत होती. मागच्या गणपतीत माझी चुलतबहीण बेळगावला आमच्या घरी आली आणि ती समजूत खोटी ठरली.

ताई पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. रात्री जेवणे झाल्यावर ती सहज म्हणाली, की तिच्या कामासाठी मागवलेली एक अँटिबॉडी चाळीस हजारांच्या घरात पडली.

"किती माल आला?" मी विचारले.

"शंभर मायक्रोलिटर. म्हणजे साधारण दोन थेंब."

एका थेंबाला वीस हजार! आमच्या कॉस्टिंगच्या पुस्तकात असा कच्चा माल कुठेच नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत आजोबा बसले होते. त्यांना सहा वर्षांपासून कंपवात आहे. उजवा हात मांडीवर सारखा हलत असतो. ते म्हणाले, "एवढं काय करालीस ग त्या दोन थेंबांचं?"

आजोबा आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होते. रात्रीच्या गाडीत टपालाच्या डब्यात उभे राहून पत्रे लावण्यात त्यांची उमर गेली. ताईने त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितले. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत हजारो प्रकारची प्रथिने तयार होतात. प्रत्येकाचे ठिकाण ठरलेले असते. कुणी पेशीच्या वेष्टनात जायचे, कुणी बाहेर पडायचे, कुणी आतच राहायचे. हा पत्ता प्रथिनाच्या अंगावरच लिहिलेला असतो. हे दाखवून देणाऱ्या ग्युंटर ब्लोबेल या शास्त्रज्ञाला १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

"म्हणजे पिनकोड," आजोबा म्हणाले.

ते नोकरीला लागले १९७१ साली. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्याआधी सारी भिस्त पाठांतरावर. आमच्या भागात तर एक पत्ता मराठीत, दुसरा कन्नडमध्ये, तिसरा इंग्रजीत. एकाच नावाची दोन गावे दोन तालुक्यांत. आकड्यांनी निम्मे काम सोपे केले, असे आजोबा सांगतात.

ताईचे काम पेशीतल्या परतीच्या टपालाचे आहे. माल पोचवून आलेले वाहक परत पाठवावे लागतात, नाहीतर ते पेशीच्या भंगारखान्यात जाऊन नष्ट होतात. ही परतपाठवणी करणाऱ्या यंत्रणेला रेट्रोमर म्हणतात. १९९८ साली ती प्रथम यीस्टमध्ये ओळखली गेली. तिच्यातल्या एका प्रथिनाचे नाव व्हीपीएस ३५. त्याच्या जनुकातल्या एका दोषामुळे काही घराण्यांत कंपवात होतो, हे २०११ साली उघडकीस आले.

खोलीत कुणी बोलेना. आजोबांनी आपल्या हाताकडे पाहिले. "म्हणजे माझं पण आतलं सॉर्टिंगच बिघडलं म्हण की."

"आजोबा, तो दोष फार थोड्या घराण्यांत सापडतो. तुमचं तेच आहे असं मी म्हणणार नाही. आणि माझ्या कामातून तुम्हाला उद्या औषध मिळेल, असंही नाही." ताईने हे स्पष्टच सांगितले. मला ते जरा कठोर वाटले. आजोबांनी मात्र मान डोलावली.

मग ती अँटिबॉडीकडे वळली. हवे ते प्रथिन, किंवा त्याचा तुकडा, सशाला टोचतात. सशाचे शरीर त्याला धरणारे प्रतिपिंड तयार करते. ते काढून पेशींवर घातले, की त्या एकाच प्रथिनाला चिकटते. त्याला चमकणारा रंग जोडला, की प्रथिन कुठे बसले आहे ते सूक्ष्मदर्शकात दिसते.

"पण ते दुसऱ्याच कशाला चिकटलं नाही, हे कशावरून?" मी विचारले. लेखापरीक्षणाचा विषय नुकताच सुरू झाला होता.

ताई थोडा वेळ गप्प राहिली. व्हीपीएस ३५ मुळातच काढून टाकलेल्या पेशी घ्यायच्या. तिथे अँटिबॉडी घातली तर अंधार दिसला पाहिजे. तिने पाच महिने काम केल्यावर ही परीक्षा घेतली, आणि त्या पेशीही चमकल्या! बाटलीतली अँटिबॉडी भलत्यालाच धरत होती. पाच महिन्यांची चित्रे बाद. तसे तिने आपल्या मार्गदर्शकांना लिहून दिले.

"पण ही परीक्षा घे असं कुणी सांगितलं होतं का? चित्रं तर चांगली आली होती ना?" मी म्हणालो.

आजोबा एकदम ताठ बसले. "पत्ता वाचता आला नाही तर अंदाजाने खणात टाकायचं नाही. बाजूला ठेवायचं. कन्नड असलं तर कन्नडवाल्याला विचारायचं. चुकीच्या खणात गेलेलं पत्र हरवल्यापेक्षा वाईट. हरवलेलं निदान शोधतात तरी. हे पोचलं म्हणून सगळे निवांत."

त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचे कारण मी कुणाला सांगितले नव्हते. मे महिन्यात मी एका हिशेबनीसांकडे उमेदवारी करत होतो. एका दुकानाची तेरीज १,३४० रुपयांनी जुळेना. संध्याकाळ झाली होती. मी ती रक्कम किरकोळ खर्चात घातली आणि दोन्ही बाजू जुळवल्या. मला शाबासकीही मिळाली होती.

गणपती पोचवल्यावर मी त्यांच्याकडे जाऊन सारे सांगितले. ते रागावले, मग दोघांनी वह्या काढल्या. एका व्यापाऱ्याला रोख दिलेली रक्कम त्याच्या खात्यावर चढवायचीच राहिली होती. पैसे देऊनही दुकान त्याचे देणेकरी दिसत होते. आम्ही नोंद दुरुस्त केली. शाबासकी परत गेली.

दिवाळीच्या आधी ताईचा फोन आला. दुसरी अँटिबॉडी आली होती. या वेळी तिने पहिल्याच दिवशी, प्रथिन नसलेल्या पेशींवर ती घालून पाहिली होती.

"काय दिसलं?" आजोबांनी विचारले.

"काही नाही. सगळा अंधार."

"छान," आजोबा म्हणाले. फोन धरलेला त्यांचा हात नेहमीसारखाच हलत होता. मी खालून आधार दिला, आणि ते पुढचे विचारू लागले.